इजेक्ट दाबून पाहिलंत का?

व्हीसीआरमध्ये कॅसेट अडकली की घरातला पहिला माणूस इजेक्टचं बटण दाबतो. दुसरा माणूस तेच बटण जोरात दाबतो. तिसरा त्या दोघांना बाजूला सारून तेच बटण दाबतो, पण दाबून धरतो, कारण त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी मशीनमधली कॅसेट म्हणे अशीच निघाली होती. मशीन घर्रर्र करतं, खट् करतं आणि गप्प बसतं. मग प्लग काढून पुन्हा लावण्याचा विधी होतो. एव्हाना शेजारचे काका आलेले असतात. त्यांच्याकडे टॉर्च असतो. काका मशीनची झडप बोटाने आत ढकलतात, एक डोळा मिटून बराच वेळ आत बघतात आणि निदान सांगतात, "अडकलीय."

ऐंशी-नव्वदच्या दशकांत महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत हे प्रयोग कमीजास्त फरकाने होत राहिले. व्हीसीआर हा घरातला मानाचा गडी. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल असायचा, मुलांना हात लावायची बंदी असायची आणि त्याचं घड्याळ कायम चुकीची वेळ दाखवत लुकलुकत असायचं, कारण वीज गेली की ते शून्यावर यायचं आणि वीज रोज जायची. एरवी फडक्यानेही हलक्या हाताने पुसलं जाणारं हे मशीन कॅसेट अडकल्यावर मात्र स्वयंपाकघरातल्या आयुधांना तोंड द्यायचं. आधी पट्टी, मग सुरी, मग उलथनं. सांडशीने कॅसेटची कड पकडून ओढणारे महाभागही होऊन गेले. काहींचा विश्वास टपलीवर. रेडिओला लागू पडली, टीव्हीला लागू पडली, तर इथे का नाही, असा तो बिनतोड युक्तिवाद.

या सगळ्या उपायांच्या मुळाशी एकच समजूत असते : व्हीसीआर म्हणजे एक खण, त्यात कॅसेट ठेवलेली, आणि अडकलेला खण ओढला की येतो. सगळा घोटाळा होतो तो इथेच.

ऑडिओ कॅसेटमध्ये टेप आपल्या घरातच राहते. टेपरेकॉर्डरचं हेड तिच्यापाशी येऊन टेकतं आणि गाणं सुरू होतं. चित्राला हे परवडत नाही. आवाजापेक्षा चित्राची माहिती कितीतरी पट जास्त, म्हणून हेड आणि टेप एकमेकांजवळून फार वेगाने जायला हवेत. घरोघरी असायच्या त्या व्हीएचएस पद्धतीच्या मशीनमध्ये हा वेग सेकंदाला पावणेपाच मीटरच्या वर जातो. तो गाठायला नुसती टेपच पळवायची ठरवली, तर तीन तासांच्या हिंदी सिनेमाला साधारण बावन्न किलोमीटर टेप लागली असती. व्हीटीहून सोडली तर कल्याणच्या आसपास 'समाप्त'ची पाटी आली असती. म्हणून इंजिनिअर मंडळींनी हेडच फिरवायचं ठरवलं. ६२ मिलिमीटर व्यासाचा एक चकचकीत ड्रम, थोडा तिरका बसवलेला, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत मिनिटाला १,५०० फेऱ्या मारतो. टेप त्याच्यावरून सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटरने सरकते. ड्रमवरची हेडं तिच्यावर तिरप्या रेघा ओढत जातात. बावन्न किलोमीटरचं काम साधारण अडीचशे मीटरमध्ये भागतं.

मात्र त्यासाठी टेपला घराबाहेर काढावं लागतं. कॅसेट आत जाऊन खाली बसली की तिच्या पुढची झडप उघडते. टेपच्या मागे उभे असलेले दोन छोटे खुंट टेपला धरून आपापल्या खाचेतून मशीनच्या पोटात निघतात, एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि तिला ड्रमभोवती अर्ध्याहून थोडा जास्त वळसा घालून थांबतात. वरून पाहिलं तर टेपचा आकार इंग्रजी 'एम'सारखा दिसतो. इकडे सोफ्यावरच्या माणसाला वाटत असतं की कॅसेट आत 'लागली'. प्रत्यक्षात तिची आतडी बाहेर काढून मशीनच्या अंगाभोवती गुंडाळलेली असतात. अशा वेळी सांडशी लावून कॅसेट ओढणारा माणूस नेमकं काय ओढत असतो, ते तो बाहेर काढतो तेव्हाच त्याला दिसतं.

थोडक्यात, मशीन कॅसेट देत नाही ते हट्टाने नाही. खुंट जागेवर परत आल्याशिवाय आणि लोंबणारी टेप गुंडाळून कॅसेटीत गेल्याशिवाय कॅसेट वर उचलायची नाही, असा शिरस्ता त्याला घालून दिलेला असतो. कॅसेट देणं त्याच्या हातात असतं, पण ते आधी आवरून घ्यायला बघतं. हे आवरायचं काम एका छोट्या मोटरवर, आणि बऱ्याच मशीनांत मोटर एका रबरी पट्ट्यावर. हा पट्टा दिसायला मिठाईच्या पुड्यावरच्या रबरबँडाचा सख्खा भाऊ. तो सैल पडला की घसरतो, खुंट अर्ध्या वाटेत थांबतात आणि हजारो रुपयांचं मशीन काही रुपयांच्या रबरापायी तोंड मिटून बसतं.

अडकण्याचा हा प्रकार मुळात व्हिडिओइतका जुना नाही. अमेरिकेत अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये कामाचा असा पहिला व्हिडिओ रेकॉर्डर आणला तेव्हा तो कपाटाएवढा होता आणि त्यावर दोन इंच रुंद टेपची उघडी रिळं चढवावी लागत. कॅसेटच नव्हती, तर अडकणार काय? सोनीने १९७१ मध्ये यू-मॅटिक बाजारात आणलं, टेप डबीत बंद केली आणि ती आत घ्यायचं काम माणसाकडून काढून मशीनला दिलं. अडकण्याची सोय तिथून झाली. पुढे १९७५ मध्ये सोनीचं बीटामॅक्स आणि १९७६ मध्ये जेव्हीसीचं व्हीएचएस आलं. बीटामॅक्स कॅसेट घातल्याबरोबर टेप ड्रमला गुंडाळून घ्यायचं आणि इजेक्ट दाबेपर्यंत सोडायचं नाही, अगदी रिवाइंड करतानाही. सुरुवातीची व्हीएचएस मशीनं स्टॉप दाबलं की टेप मुकाट्याने परत ठेवायची. बीटाचं चित्र उजवं म्हणणारे आजही भेटतात. बाजाराने व्हीएचएस निवडलं, त्यात टेपच्या लांबीपासून भाड्याच्या दुकानांपर्यंत बरीच कारणं होती. परत देण्याची दानत हे त्यातलं एक धरायला हरकत नसावी.

आपल्याकडे १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआरचं वेड. दुबई-मस्कतला गेलेला मुलगा सुट्टीवर येताना सोनं आणि सेंट यांच्या जोडीला व्हीसीआर आणू लागला. कोकणातल्या काही वाड्यांमध्ये डांबरी रस्त्याआधी व्हीसीआर पोचला. ज्यांच्याकडे दुबई नव्हती त्यांच्यासाठी गल्लीतली कॅसेट लायब्ररी होती. टीव्ही, व्हीसीपी (म्हणजे नुसता दाखवणारा, रेकॉर्ड न करणारा व्हीसीआर) आणि तीन-चार कॅसेटी असा सगळा संच रात्रभरासाठी भाड्याने मिळायचा. चाळीत, सोसायटीच्या गच्चीवर, गणपतीच्या मांडवात सतरंज्या पडायच्या. पहिला सिनेमा धार्मिक, आजी जागी असेपर्यंत. दुसरा मारामारीचा. तिसरा बायकांच्या आग्रहाचा. चौथा पहाटे लागायचा आणि तो कुणालाही बघायचा नसायचा, पण पैसे दिलेले असायचे.

कॅसेट अडकायची ती हीच चौथी. मशीन रात्रभर तापलेलं, पट्टा सैलावलेला, आणि बटण दाबणारा माणूस अर्धवट झोपेत. सकाळी लायब्ररीवाला लुनावरून यायचा, कॅसेटी मोजायचा.

"तीनच आहेत. चौथी कुठाय?"

"तुमच्या मशीनमध्ये आहे."

इथे एक सुंदर कायदेशीर प्रश्न उभा राहायचा. मशीन लायब्ररीचं, कॅसेटही लायब्ररीची, दोघं आपसात अडकलेली. मग दंड गिऱ्हाइकाला का? लायब्ररीवाल्यांकडे याचं उत्तर नव्हतं, पण डिपॉझिट त्यांच्याकडे होतं.

खरं तर बरेचदा दोष लायब्ररीचाच असायचा, आणि तोही कारखान्यातला नाही, डिंकाचा. कॅसेटीवर एक लेबल, सिनेमा पुसून दुसरा भरला की त्याच्यावर दुसरं, त्याच्यावर 'रिवाइंड करून द्यावी'ची चिठ्ठी, आणि या सगळ्यावर दुकानाच्या नावाचा कागद. व्हीएचएस कॅसेटची जाडी २५ मिलिमीटर, आणि मशीनच्या आतला पाळणा त्याच मापाने केलेला. तिथे चार कागदांचा थर आणि एक सुटलेला कोपरा पुरे होतो. कॅसेट जाताना कोपरा मुडपून आत जाते आणि येताना तोच कोपरा पाळण्याच्या स्प्रिंगेत रुतून बसतो.

बिनलेबलच्या कॅसेटी अडकत नसत असं नाही. त्या अडकल्या की घरात एकदम शांतता पसरायची. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा मेकॅनिकला बोलवायला स्वतः सायकल काढून जायचा, इतका तत्पर तो एरवी कधीच नसायचा. मेकॅनिकचा नियम असा की कॅसेट काढल्यावर मशीन चालतं का, ते तीच कॅसेट लावून बघायचं. अनुभवी मेकॅनिक अशा वेळी घरातल्यांच्या चेहऱ्यांकडे एकदा बघायचा आणि म्हणायचा, "चेक दुकानात करतो." त्याच्या धंद्यातली अर्धी पत यावर उभी होती.

याच गोष्टीची सोव्हिएत रशियातली आवृत्ती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ऐंशीच्या दशकात तिथे पाश्चात्त्य सिनेमांच्या कॅसेटी चोरून फिरत, आणि त्यातल्या अश्लील किंवा हिंसक ठरवलेल्या दाखवल्या तर तुरुंगवास होऊ शकत होता. त्या काळातल्या लोकांच्या आठवणींत एक हकिकत पुन्हा पुन्हा येते. मिलिशियाचे, म्हणजे तिथल्या पोलिसांचे, लोक दार वाजवण्याआधी जिन्यातल्या फ्यूजपेटीतून त्या फ्लॅटची वीज तोडत. वीज गेली की मशीन टेप परत घेऊ शकत नाही, टेप आत नाही तर कॅसेट बाहेर नाही. पुरावा ड्रमला गुंडाळून जागच्या जागी तयार. जगातल्या बाकी घरांनी ज्या दोषापायी कपाळावर हात मारला, तो तिथल्या पोलिसांनी कामाला लावला. आपल्याकडे हे जमलं नसतं. वीज गेली म्हणून पोलीस आले असतील, असा संशयच इथे कुणाला आला नसता.

मेकॅनिक येतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, "कुणी हात घातला होता का आत?" आणि उत्तरही ठरलेलं, "छे हो, कुणीच नाही." तो झाकणाचे स्क्रू काढतो, झाकण मागे सरकवून उचलतो आणि पाळण्यातून उलथन्याचा वाकलेला कोपरा काढून टेबलावर ठेवतो. कुणी काही बोलत नाही.

त्याचं काम बघण्यासारखं असतं, कारण त्यात जोर कुठेच नसतो. आधी प्लग काढायचा, कारण वीजपुरवठ्याच्या भागात प्लग काढल्यावरही काही काळ झटका शिल्लक असतो आणि तिकडे बोटं न्यायची नसतात. मग टेप आवरणाऱ्या त्या छोट्या लोडिंग मोटरवरची पुली शोधायची आणि ती तर्जनीने फिरवायची. दहा-वीस फेऱ्यांत काहीच घडत नाही, बघणाऱ्यांना वाटतं हा नुसता खेळतोय. मग ड्रमजवळचे दोन खुंट केसभर हलतात. आणखी फेऱ्या. खुंट आपापल्या खाचेतून कॅसेटकडे परत निघतात, आणि त्यांच्यामागे टेप सैल पडून पोटात लोंबू लागते. नवशिक्यांचा घात इथे होतो. खुंट आले म्हणून ते पुढे फिरवत राहतात, पाळणा उचलला जातो, कॅसेटची झडप मिटते आणि लोंबणारी टेप तिच्यात सापडते. जाणकार इथे थांबतो. एक बोट खाली घालून रिळाची चकती हळूहळू फिरवतो, लोंबणारी टेप कॅसेटीत गुंडाळून घेतो, ताण आला की सोडतो. टेप रोलरच्या तेलकट खोबणीत चिकटली असेल तर लाकडी काडीने सोडवायची. चिमटा नाही, नख नाही. ड्रमला तर बोट लावायचंच नाही. त्यावरची हेडं जेमतेम केसाएवढी पुढे आलेली असतात आणि फेराइटची असल्यामुळे फटकन टवका उडतो. मग पुन्हा पुली, आणि पाळणा कॅसेट घेऊन वर येतो.

हे सगळं झाकण उघडं असताना मशीन चालू करून करावं, असं काही हुशार गिऱ्हाइकांना सुचतं. त्यांना एक वेगळाच चमत्कार बघायला मिळतो. टेपच्या दोन्ही टोकांना थोडा पारदर्शक तुकडा असतो. कॅसेटच्या मधोमध खालच्या भोकातून एक छोटा दिवा वर येतो आणि दोन्ही बाजूंना प्रकाश ओळखणारे डोळे असतात. पारदर्शक तुकडा आला की प्रकाश पलीकडे पोचतो आणि मशीन समजतं, टेप संपली. झाकण काढून खिडकीपाशी बसलं की हे काम ऊन करतं. मशीनला वाटतं, टेप सुरुवातीलाही आहे आणि शेवटालाही. अशा अवस्थेत ते काहीही करायला नकार देतं. मेकॅनिक मग त्या डोळ्यांवर काळी चिकटपट्टी लावतो किंवा नुसताच पाठ करून उजेड अडवतो, आणि मशीन सुरळीत चालू लागतं. घरच्यांना वाटतं, याच्या हाताला गुण आहे.

जून लागला की आणखी एक भानगड. ड्रम ओलसर झाला तर टेप त्याला चिकटून बसेल, म्हणून चांगल्या मशीनांत दमटपणा ओळखणारी व्यवस्था असते. ती जागी झाली की मशीन काही तास टेपला हात लावत नाही. जपानी इंजिनिअरांनी ही काळजी हिवाळ्यातून उबदार खोलीत आणलेल्या मशीनसाठी घेतली असावी. मुंबई-रत्नागिरीच्या जुलैत तिचा अर्थ 'गौरी-गणपतीपर्यंत भेट नाही' असा होत असे. मग मशीनशेजारी शंभरचा बल्ब लावून ठेवणं, केस वाळवायचा ड्रायर फिरवणं सुरू व्हायचं. कपाटात पडलेल्या कॅसेटींमधल्या टेपच्या गुंडाळीवर याच दिवसांत पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट मशीनमध्ये घातली की ती बुरशी हेडवर बसते, पडद्यावर मुंग्या येतात, आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटीलाही प्रसाद मिळतो.

लहान मुलांविषयी फार लिहायला नको. मशीनची झडप नेमकी रांगत्या मुलाच्या उंचीवर आणि ती ढकलली की आत जाते. दहा पैशांची नाणी, ग्लुकोज बिस्किटं, आजोबांचं पेन्शनचं पत्र. उबेसाठी झुरळं आपण होऊन जातात.

लांब पल्ल्याच्या व्हिडिओ कोचचं दुःख निराळं. घाटातल्या वळणावर मशीनला धक्के बसायचे, क्लायमॅक्सला टेप गुंतायची, आणि क्लीनर एका हाताने वरचा दांडा धरून दुसऱ्या हाताने इजेक्ट दाबत राहायचा. पन्नास प्रवासी त्याला एकसुरात सल्ला द्यायचे. खुन्याचं नाव मागच्या सीटवरचा एखादा सांगून टाकायचा.

जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. तोवर ती हे यंत्र बनवणारी बहुधा शेवटचीच उरली होती. सुटे भाग मिळेनासे झाले हे एक कारण तिने दिलं. फुनाईच्या व्हीसीपीवर आपल्याकडच्या कितीतरी गल्ल्यांनी रात्री जागवल्या होत्या. पूर्वी लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पट्टा, रोलर, हेड, काहीही मागा, पुडीत बांधून मिळायचं. आता पट्टे तीस वर्षं नुसते बसून राहिल्याने मऊ होतात, काही तर वितळून पुलीला डांबरासारखे चिकटतात. कुणी माळ्यावरचं मशीन उत्साहाने खाली काढतो, पुसतो, लावतो, आणि त्यात पहिलीच कॅसेट घालतो ती लग्नाची. मशीन ती आत घेतं. इतपत रबर शिल्लक असतं.

कॅसेटींचं पेनड्राइव्हमध्ये रूपांतर करून देणाऱ्या दुकानांत अशी मशीनं कॅसेटसकट येतात. लोक सांगतात, मशीन फेकून द्या, आतलं लग्न तेवढं काढा. दुकानदार वर सांगितलेलीच पुली तर्जनीने फिरवतो. चुरगळलेली टेप कधी वाचते. वरची कड गेली असेल तर आवाज जातो आणि खालची गेली असेल तर चित्र हलतं, कारण वरच्या कडेला आवाजाची पट्टी असते आणि खालच्या कडेला वेळ जुळवणाऱ्या खुणांची. अगदीच चिंध्या झाल्या असतील तर तेवढा तुकडा कापून, खास चिकटपट्टीने टोकं जोडावी लागतात. घरात सेलोटेपने जोडायचं धाडस करू नये. तिचा डिंक पाझरून हेडला लागतो.

एक फूट टेप कापली तर साधारण तेरा सेकंद जातात. लग्नात तेरा सेकंद म्हणजे थोडेथोडके नव्हेत. तेवढ्यात अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, बँड वाजतो आणि हार घातले जातात. जोडलेल्या टेपवर अंतरपाट धरलेला दिसतो आणि लगेच पुढच्या क्षणी दोघांच्या गळ्यात हार असतात. बाकी सगळं शाबूत. हे पेनड्राइव्हवरचं लग्न नातेवाइकांना दाखवलं की खरी पंचाईत होते. ज्यांच्यावर कॅमेरा त्या दिवशी एकदाही फिरला नव्हता, ते सगळे त्या कापलेल्या तुकड्यात होते असं निष्पन्न होतं. आत्याबाई होत्या, त्यांचे यजमान होते, नाशिकचे काका अगदी पुढे उभे होते आणि त्यांनी तेव्हा नवाकोरा सफारी घातला होता. एकूण हिशेब मांडला तर त्या तेरा सेकंदांत निम्मं वऱ्हाड भरतं.